कस्टर्डचा उपास

सत्तेचाळीस दिवस.
फ्रीजवरच्या कॅलेंडरात शुक्रवारांची रांग,
पहिल्या दोन चौकटींत रीसचं अक्षर:
नाही. परत नाही.
तिथून पुढे अक्षर माझं आहे.

अजगर म्हटल्यावर मला वाटलं होतं
ह्याला आवरता आवरता नाकी नऊ येतील.
हा तर माझ्या हातमोज्यात मावेल एवढा,
रविवारच्या पुडिंगवर ओततो तसा पिवळट.
भ्याला की स्वतःचीच गाठ मारतो
आणि डोकं आत खोचून
आपण घरी नाही असं दाखवतो.

फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात वाटाणे, फिश फिंगर्स.
खाली आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात उंदीर,
पांढरे, नीट एका दिशेला पाय केलेले.
डब्यावर ग्लेनने मार्करने लिहिलंय:
हे आइस्क्रीम नव्हे.
एकदा त्याने स्वतःच उघडला होता.

फ्रीमन स्ट्रीटवरच्या दुकानातला नेव्हिल सांगतो,
कोमट पाण्यात ठेवा, मग ड्रायरने सुकवा,
डोकं जरा जास्त गरम राहू द्या,
चिमट्यात शेपूट धरा आणि चालवा.
मी चालवला.
रात्री अकरा वाजता, गुडघ्यांवर बसून,
मेलेला उंदीर काचेमागे चालवला,
थांबवला, इकडेतिकडे बघायला लावला,
एकदा तर लाजवलासुद्धा.
कस्टर्डने जीभ बाहेर काढली,
आत घेतली,
आणि मान अशी वळवली
जशी माझी सासू वळवते
बाजारातला केक पुढे केला की.

मग पेटी लहान केली. दिवा बदलला.
लपायला दोन खोके दिले, एक गरम बाजूला, एक गार.
आठवडाभर हात लावला नाही.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं:
दोनशे बारा ग्रॅम. दोनशे दहा. दोनशे दहा.
नेव्हिल म्हणाला, हे महिनोन्‌महिने राहतात.
तो राहील हो. माझं काय?

मला वाटायचं, माझ्या हातांचा वास असेल.
दहा तास हॅडक साफ करते मी, गोदीजवळच्या कारखान्यात,
बर्फ, सुरी, पट्टा, बर्फ.
लिंबाने घासले, कॉफीच्या चोथ्याने घासले,
तरी बसमध्ये शेजारची खुर्ची रिकामीच राहते.
आफ्रिकेतल्या वारुळात ज्याचे पूर्वज झोपले
त्याला ग्रिम्सबीचा वास कसा पटावा?

सत्तेचाळिसाव्या रात्री दमले होते.
काही चालवलं नाही, लाजवलं नाही.
उंदीर गरम केला, खोक्याच्या तोंडाशी ठेवला,
पेटीवर आंघोळीचा टॉवेल टाकला,
म्हटलं, तुझं तू बघ,
आणि बूट न काढता सोफ्यावर आडवी झाले.

टप्.
एवढाच आवाज. पुस्तक मिटल्यासारखा.

टॉवेलचा कोपरा उचलला.
तीन वेढे घालून
मेलेल्याला तो पुन्हा मारत होता,
नीट, घाई न करता, काही सुटायला नको म्हणून.
मग जबडा सैल झाला,
आणि एवढ्याशा डोक्यात एवढा मोठा दरवाजा निघाला.
शेवटी ओठांत गुलाबी शेपटी,
बुटाच्या नाडीसारखी. तीही गेली.
मग त्याने लांबलचक जांभई दिली
आणि मी, का कोण जाणे,
आभार मानले. मोठ्याने.

सकाळी जिन्यात रीसला सांगितलं.
त्याने एका कानातला हेडफोन काढला,
"कोणी?" म्हणाला.

कॅलेंडरात लिहिलं: खाल्ला. खाली दोन रेघा मारल्या.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा मान वळवली.
वितळलेला उंदीर परत गोठवत नाहीत,
म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या कुंपणावर ठेवला.
सीगल आला. कागदासकट घेऊन गेला.